संस्थेच्या वतीने कोणी बोलावे?

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट आहे. आमच्या इंदूर शहरातील एका जुन्या मराठी ग्रंथालयाच्या कार्यकारिणीवर आम्ही बरीच वर्षे आहोत. संस्थेचे नाव येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. वाचकांनी तेथे आपापल्या गावातील संस्थेचे नाव घातले तरी हरकत नाही. इमारतीच्या मागील खोलीचे छत गळू लागले, म्हणून दुरुस्ती होईतो तेथील पुस्तके एका सभासदांच्या घरी हलवावीत, असा ठराव आम्ही सभेत केला. ठराव इतिवृत्तात नोंदला गेला, सूचनाफलकावर एक कागद लागला, आणि आपले कर्तव्य पार पडले अशा समाधानात आम्ही सर्वजण घरी गेलो. बुधवारी सकाळी पुस्तकांचे गठ्ठे लोडिंग रिक्षात चढविले जात असता रस्त्याने जाणाऱ्या कोणीतरी त्यांचे छायाचित्र घेतले. दुपारी ते सभासदांच्या व्हॉट्सॲप गटावर अवतरले. त्याखाली एकच वाक्य होते : ‘वाचनालयाची पुस्तके रद्दीत निघाली.’

संध्याकाळपर्यंत ते छायाचित्र पुण्यास पोहोचले, आणि रात्री अमेरिकेतील माजी सभासदांकडून विचारणा येऊ लागली. जागा विकली काय? बिल्डर कोण? देणग्यांचे काय झाले? चिटणीसांचे म्हणणे असे पडले की, कार्यकारिणीची सभा झाल्यावाचून अधिकृत निवेदन काढता येणार नाही. आणि सभा तर रविवारी होती. दरम्यान कार्यकारिणीतील तिघांनी आपापल्या परीने उत्तरे दिली. एकाने लिहिले की, काहीही झालेले नाही. दुसऱ्याने लिहिले की, छताची दुरुस्ती आहे. तिसऱ्याने, घरबसल्या प्रश्न विचारणाऱ्यांनी एकदा येऊन झाडू हाती घ्यावा, असा उपदेश केला. एकाच संस्थेच्या मुखातून तीन तऱ्हेची वाणी बाहेर पडल्यावर लोकांनी सर्वांत वाईट तीच खरी मानली. आणि आम्ही स्वतः? आम्ही गप्प बसलो. वाद मिटला की बोलू, असा विचार केला. तीस वर्षे वर्गात उभे राहूनही हे शहाणपण आम्हांस सुचले, याची लाज वाटते.

शनिवारी सायंकाळी शाळेतून परस्पर ग्रंथालयात गेलो, तो दाराशी बाकावर एक वृद्ध बाई बसलेल्या दिसल्या. त्यांचे यजमान महाविद्यालयात प्राध्यापक होते. त्यांच्या निधनानंतर काकूंनी त्यांचा चारशेंहून अधिक पुस्तकांचा संग्रह ग्रंथालयास दिला होता. प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर त्यांची सही आणि खरेदीची तारीख आहे. काकू म्हणाल्या, “हेडमास्तर, ह्यांची पुस्तकं परत न्यायला आले आहे. नातीनं लोडिंग ठरवून ठेवलंय.”

आम्ही सर्व हकिकत सांगितली. त्यांचा संग्रह मागील खोलीत नव्हताच; तो पुढच्या दालनातील दोन कपाटांत होता तसाच होता. कुलूप काढून दाखविला. त्यांनी कपाटावरून हात फिरविला, आणि मग विचारले, “हे बुधवारीच का नाही सांगितलंत? चार दिवस मी त्या फोनकडे बघत बसले होते.” जाताना त्यांनी त्यातील एक पुस्तक काढून पिशवीत घातले. नोंदवहीत त्याची नोंद करण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही.

त्या प्रश्नाने आम्हांस कामाला लावले. समाजमाध्यमांवर संस्थांनी कसे बोलावे, हा आज मोठ्या उद्योगांत आणि सरकारी खात्यांत एक स्वतंत्र विषय होऊन बसला आहे. त्यासाठी पगारी माणसे आहेत, कक्ष आहेत, धोरणे लिहिलेली आहेत. त्यातील बराचसा भाग विक्रीकलेचा आहे आणि आम्हांस त्यात गोडी नाही. परंतु जे थोडे आमच्यासारख्या देणगीवर चालणाऱ्या मंडळांच्या उपयोगी पडावे असे आढळले, ते वाचकांपुढे ठेवावेसे वाटते.

आमचे आजोबा होळकरी अमदानीतील दवंडीच्या आठवणी सांगत. हलगी वाजे, हुकूम ऐकविला जाई आणि दवंडीवाला पुढल्या गल्लीत निघून जाई. त्याला कोणी प्रश्न विचारीत नसे, आणि विचारला तरी उत्तर देण्याचा अधिकार त्याला नव्हता. आमचे सूचनाफलक, परिपत्रके आणि वर्तमानपत्रांतील जाहीर निवेदने ही सारी ह्या दवंडीचीच वंशावळ होय. समाजमाध्यम मात्र दवंडीच्या कुळातले नव्हे. ते गावच्या पाराच्या कुळातले आहे. पारावर एकजण प्रश्न विचारतो आणि उरलेले शंभरजण, उत्तर मिळते की नाही, हे पाहत बसतात. तेथे पाटील गप्प राहिला तर त्या गप्प राहण्यालाही लोक अर्थ लावतात. संस्थांची बहुतेक फजिती होते ती, पारावर बसून दवंडी पिटण्याच्या ह्या खोडीमुळे.

आपल्या देशात हा फरक ज्यांनी लवकर ओळखला त्यांत रेल्वे खात्याचा उल्लेख करावा लागेल. नोव्हेंबर २०१४ ते सप्टेंबर २०१७ ह्या काळात सुरेश प्रभू रेल्वेमंत्री होते. त्या काळी ट्विटर ह्या नावाने चालणाऱ्या आणि जुलै २०२३ पासून एक्स म्हणविल्या जाणाऱ्या माध्यमावर प्रवाशांनी मंत्र्यांना वा खात्याला उद्देशून तक्रार लिहावी आणि पुढल्या स्थानकावर कोणी अधिकारी डब्याशी हजर व्हावा, असे प्रकार वारंवार घडू लागले. कुठे तान्ह्या मुलासाठी दूध पोहोचले, कुठे आजारी प्रवाशासाठी डॉक्टर आले. नोव्हेंबर २०१५ मध्ये शेगावपाशी एका तरुण प्रवासिनीने, सहप्रवासी त्रास देत आहे, असा संदेश पाठविला. गाडी भुसावळला पोहोचली तेव्हा पोलीस तिच्या मदतीस आले होते. वृत्तपत्रांनी ही हकिकत त्या वेळी ठळकपणे छापली.

वाचणाऱ्यास वाटावे की, हा ट्विटरचा चमत्कार. आमच्या मते चमत्कार दुसरीकडेच होता. भुसावळला सुरक्षा दलाचे जवान आधीपासूनच होते, विभागीय नियंत्रण कक्ष दिवसरात्र चालू असे, स्थानकास्थानकांत दूरध्वनी होता. ही यंत्रणा कित्येक दशकांची. नव्याने झाले ते एवढेच की, दिल्लीतील रेल भवनात संदेश वाचणारी माणसे पाळीपाळीने बसविली गेली आणि संदेश ज्या विभागाचा असेल त्याच्याकडे तत्काळ पोहोचविण्याचा अधिकार त्यांना मिळाला. आमचे इंदूर रतलाम विभागात येते, तर इंदूरची तक्रार क्षणात रतलामला. मग रतलामने काय केले, याचे उत्तर पुन्हा त्याच खिडकीवर, सर्वांच्या देखत. खिडकीवरचा कारकून कितीही गोड बोलला, पण त्याला आतल्या खोलीत जाण्याची मुभा नसेल तर तो निव्वळ दवंडीवालाच राहतो.

ह्या व्यवस्थेत एक अन्यायही होता आणि तो सांगितला पाहिजे. ज्याच्या हाती स्मार्टफोन आणि ज्याला ट्विटरची भाषा अवगत, त्याची हाक आधी ऐकली जाई. सर्वसाधारण डब्यात दाराशी उकिडवा बसलेल्या मजुराची तहान कोणाच्या पडद्यावर उमटत नसे. पुढे रेल्वेने ‘रेल मदद’ ही एकत्र तक्रार-व्यवस्था उभारली आणि २०२१ मध्ये निरनिराळे मदत-क्रमांक १३९ ह्या एका क्रमांकात सामावून घेतले. साध्या फोनवरूनही तो लावता येतो. ही गोष्ट आम्हांस पहिल्या कौतुकाहून मोलाची वाटते.

उलट बाजूचा एक अनुभव आमच्या पदरी आहे. एका बँकेकडून पेन्शन खात्यातील चुकीच्या कपातीबद्दल आमच्या एका निवृत्त सहकाऱ्यांस पत्रांचे उत्तर मिळेना, म्हणून आम्ही त्यांच्या वतीने बँकेच्या पानावर तक्रार लिहिली. दोन मिनिटांत उत्तर आले : ‘गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, कृपया आपला तपशील खाजगी संदेशाने कळवा.’ तपशील कळविला. पुन्हा दोन मिनिटांत दिलगिरी. सहा आठवड्यांत आम्हांस नऊ वेळा दिलगिरी मिळाली, पैसे मिळाले नाहीत. ते शेवटी शाखेत जाऊन, व्यवस्थापकांच्या टेबलासमोर दोन तास बसल्यावर मिळाले. त्वरित उत्तर म्हणजे निवारण नव्हे, हे ह्या मंडळींच्या धोरणात बहुधा लिहिलेले नसावे.

ह्याचेच जगप्रसिद्ध उदाहरण म्हणजे कॅनडातील गायक डेव्ह कॅरोल यांचे. २००८ मध्ये युनायटेड एअरलाइन्सच्या विमानप्रवासात त्यांची गिटार मोडली. सुमारे नऊ महिने त्यांनी पत्रव्यवहार केला. कंपनीने भरपाई नाकारली. मग जुलै २००९ मध्ये त्यांनी त्या मोडलेल्या गिटारीवर गाणे रचून यूट्यूबवर ठेवले. ते लक्षावधी लोकांनी पाहिले, आणि कंपनी भरपाई देऊ करण्यास धावली. व्यवस्थापनशास्त्राच्या वर्गांतून ही कथा आज समाजमाध्यमाच्या प्रभावाचे उदाहरण म्हणून शिकविली जाते. आम्हांस ती पत्रांना नीट उत्तर न देण्याची कथा वाटते. कंपनीचे नाव गेले ते जुलैतल्या एका दिवसात नव्हे, आधीच्या नऊ महिन्यांत.

स्वराविषयीही दोन प्रसंग बोलके आहेत. मार्च २०१० मध्ये ग्रीनपीस ह्या संघटनेने, नेस्लेच्या किटकॅटमधील पामतेलासाठी ओरांगउटानांची वने नष्ट होत आहेत, अशा आशयाची एक चित्रफीत प्रसिद्ध केली. कंपनीने ती यूट्यूबवरून काढावयास लावली, आणि लोक तिच्या फेसबुक पानावर बोधचिन्हाची विडंबने घेऊन येऊ लागले तेव्हा पान सांभाळणाऱ्या कोणीतरी त्यांच्याशी खोचक शब्दांत हुज्जत घातली. आगीत तेल पडले, तेही पामचे! अखेर क्षमा मागावी लागली, आणि मे महिन्यात कंपनीने आपल्या तेलखरेदीची शहानिशा करण्यासाठी एका बाहेरच्या संस्थेशी करार केला. आमच्या गटावर झाडू हाती घेण्याचा उपदेश करणारे सभासद आम्हांस येथे आठवले.

दुसरा प्रसंग अमेरिकन रेडक्रॉसचा, फेब्रुवारी २०११ मधला. तेथील एका कर्मचाऱ्याच्या हातून आपल्या मित्रमंडळींसाठी लिहिलेला बिअरपानाविषयीचा मजकूर चुकून संस्थेच्या अधिकृत खात्यावर गेला. रक्तदान आणि आपत्तिनिवारण करणारी संस्था, आणि तिच्या नावाने मद्याची वार्ता! आमच्याकडे असे घडते तर चौकशी समिती बसली असती. रेडक्रॉसने मजकूर काढला, तो काढला हे लपविले नाही, आणि संस्था शुद्धीवर आहे, किल्ल्या काढून घेतल्या आहेत, अशा अर्थाचा हलका विनोद करून चूक कबूल केली. लोक हसले, त्या बिअरचे चाहते तर उलट देणग्या पाठवू लागले. ह्यावरून कोणी असे अनुमान काढू नये की, विनोदाने सर्व निभावते. ज्याचे नाणे मुळात खणखणीत, त्यालाच हे साधते. मुंबई पोलिसांनी डिसेंबर २०१५ मध्ये ट्विटरवर पाऊल ठेवल्यापासून वाहतुकीचे नियम, दारू पिऊन वाहन चालविणे, परवलीचे शब्द ह्यांवर शाब्दिक कोट्या करून पुष्कळ लोकप्रियता मिळविली. चित्रपटांतील संवादांचाही त्यांनी खुबीने वापर केला. हेल्मेटविषयी कोटी शोभते. पण एखाद्याच्या घरी चोरी झाली असता तिच्यावर कोटी शोभणार नाही, हे तारतम्य त्यांना होते आणि त्यांच्या अनेक अनुकरणकर्त्यांना नाही.

पण सर्वांत गंभीर बाब अफवेची. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच निरपराध माणसांना जमावाने ठार मारले. मुले पळविणारी टोळी आली आहे, अशा अफवा त्या काळात व्हॉट्सॲपवरून फिरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे पाठविण्यास बंदी घातली, आणि एप्रिल २०२० पासून वारंवार फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी जाऊ लागला. हे बांध उपयुक्त आहेत. परंतु पाणी रिकाम्या जागेकडे धावते, आणि ती रिकामी जागा म्हणजे, ज्याला खरे ठाऊक आहे त्याचे मौन. जाणती खाती म्हणून सतत कानोसा घेतात, की लोक काय बोलत आहेत. आणि घटना व पहिला अधिकृत शब्द यांमधील अंतर कमीत कमी ठेवतात. ह्या पहिल्या शब्दात सर्व काही असावे लागत नाही. इतके आम्हांस माहीत आहे, इतके अद्याप माहीत नाही, आणि पुन्हा अमुक वाजता सांगू, एवढे पुरते. मात्र त्या अमुक वाजता सांगावे लागते. आमच्या बुधवारी हे तीन ओळींचे काम होते.

आणखी एक भ्रम दूर केला पाहिजे. पुष्कळ मंडळे फेसबुकवर पान उघडतात आणि कार्यक्रम तेथे जाहीर केला म्हणजे सर्वांस कळला असे समजतात. आपण लिहिलेले कोणास दाखवावे, हे ते माध्यम आपल्या गणिताने ठरविते; जानेवारी २०१८ मध्ये तर फेसबुकने, संस्थांच्या पानांहून नातलग आणि मित्र यांच्या मजकुरास अग्रक्रम देणार असल्याचे जाहीर केले होते. मोठ्या कंपन्या पैसे मोजून आपला मजकूर पुढे रेटतात. आपल्या वासंतिक व्याख्यानमालेस ते परवडणारे नाही.

मुलांच्या छायाचित्रांविषयी एक शब्द, कारण आमचा व्यवसायच तो. बक्षीस-समारंभानंतर मुलांची नावे, इयत्ता, शाळा यांसह छायाचित्रे जगापुढे टाकण्याची जी चाल पडली आहे ती आम्हांस पसंत नाही. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीचे तत्त्व आलेच आहे. कायदा नसता तरी विचारणे हे सौजन्यच होते.

असो. त्या रविवारच्या सभेत आम्ही एक प्रस्ताव मांडला. संस्थेच्या वतीने एकाच व्यक्तीने लिहावे, आणि ते काम आमच्या तरुण सभासदांपैकी एका मुलीकडे द्यावे. ती पतपेढीत नोकरी करते आणि लोकांच्या तक्रारी ऐकण्याची तिला सवय आहे. तिला चिटणीसांना व अध्यक्षांना कोणत्याही वेळी दूरध्वनी करण्याची मोकळीक असावी, आणि ‘माहिती घेऊन रात्री नऊपर्यंत सांगते’ एवढे लिहिण्यासाठी सभेची वाट पाहावी लागू नये. इतरांनी, विशेषतः आम्ही कार्यकारिणीच्या लोकांनी, परस्पर उत्तरे देऊ नयेत. अध्यक्ष म्हणाले, “सर, कालची पोर संस्थेच्या नावानं बोलणार?” आम्ही म्हटले, “आपण चार दिवस बोललो नाही, म्हणून ती बोलणार.” वाक्य जरा कठोर गेले, अध्यक्ष आमच्याहून पंधरा वर्षांनी वडील आहेत. प्रस्ताव सात विरुद्ध पाच मतांनी मंजूर झाला.

दुसरा वाद गटाविषयी झाला. चालकांनीच लिहावे आणि इतरांनी फक्त वाचावे, अशी सोय व्हॉट्सॲपने २०१८ मध्ये केली आहे. बहुतेक सभासदांना तो रामबाण उपाय वाटत होता. सूचनांसाठी असा एक वेगळा गट असण्यास आमचा विरोध नव्हता. पण प्रश्न विचारण्याचा जुना गट बंद करू नये, असा आम्ही आग्रह धरला. तो बंद झाला असता तर प्रश्न थांबले नसते. ते आमच्या पाठीमागे विचारले गेले असते. तूर्त तो चालू आहे, आणि त्यावर सकाळच्या फुलांच्या चित्रांचा पाऊसही चालू आहे. त्याला इलाज सापडलेला नाही.

भाषेचाही प्रश्न निघाला. आमच्या नातवंडांच्या पिढीला मराठी बोलता येते, पण तीन ओळींपलीकडे वाचताना ती अडखळते. म्हणून सूचना आधी सोप्या मराठीत आणि खाली एका ओळीत हिंदीत, असे ठरले. ज्यांच्यापाशी स्मार्टफोन नाही असे अकरा सभासद निघाले. त्यांना दूरध्वनी करण्याचे काम आम्ही मागून घेतले. त्यात वेळ जातो, कारण प्रत्येकजण आधी प्रकृतीविषयी बोलतो.

डिसेंबरात छताचे काम संपले. पुस्तके परत आली, त्या दिवशी लोडिंग रिक्षाचे छायाचित्र त्या मुलीने स्वतःच गटावर टाकले. संध्याकाळी काकूंचा संदेश आला : ‘मागची खोली उघडली का?’ पाच मिनिटांत उत्तर गेले : ‘हो काकू, उद्या चारपासून. येताना काकांचं ते पुस्तक आणाल का? नोंद करायची राहिली आहे.’ काकूंनी लिहिले : ‘अजून वाचून व्हायचं आहे.’